चार पदरी घडी

आमच्या बाईंना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. शिक्षक-प्रशिक्षण केंद्राच्या कागदांवर त्यांचं नाव असणारच, पण आम्हा शिक्षकांत त्या ‘हातमागे बाई’. हे नाव ठेवणाऱ्यांत मी होतो, आणि ते ऐकून सगळ्यात मोठ्यानं हसणाराही मीच होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू काही चांगली नाही.

बाई मुळात शिक्षिका नव्हत्याच. वीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात यंत्रांच्या विजेच्या पेट्या दुरुस्त केल्या होत्या. कारखाना बंद पडला. त्याच सुमाराला केंद्रात शाळांसाठी रोबोटिक्सचा वर्ग सुरू करा, असं वरून फर्मान आलं. म्हणजे आधी शिक्षकांना शिकवायचं, मग शिक्षकांनी मुलांना तयार करून स्पर्धेत उतरवायचं. केंद्रात पदव्यांचा ढीग होता, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट बसतो हे छातीठोकपणे सांगणारं एकही माणूस नव्हतं. म्हणून बाईंना करारावर घेतलं. पदवी नाही म्हणून बैठकीत केंद्राचे साहेब त्यांना दाराजवळची खुर्ची देत. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कधीकाळी यंत्रात सापडून गेलं होतं, ते परत आलं ते वाकडंच. बोलताना त्या ते नख दुसऱ्या हाताच्या बोटांनी चोळत राहत.

पहिल्या तुकडीत आम्ही बारा जण होतो, सगळे पकडून आणलेले. मी भूमिती शिकवतो. रोबोचा आणि माझा संबंध काय, असं मी मुख्याध्यापकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “तुमचा शुक्रवारचा शेवटचा तास रिकामा आहे.” एवढीच माझी पात्रता.

पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येक जोडीपुढे एक डबा ठेवला. त्यात चाकं, मोटारी, वायरी, सेन्सर. पुस्तिका नाही, फळ्यावर आकृती नाही.

“मॅडम, नोट्स?” एका शिक्षकानं विचारलं.

“नाहीत.”

“मग करायचं कसं?”

“मुलं असं विचारतील तेव्हा तुम्ही काय सांगणार आहात?”

“विचार करा म्हणून सांगू.”

“मग करा,” बाई म्हणाल्या, आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही बारा मोठी माणसं तासभर त्या डब्यांशी झोंबत होतो. एकानं मोटार उलटी लावली, एकीनं चाक लावून बघितलं तर ते जागच्या जागी गरगरायला लागलं, आणि खेळाचे शिक्षक तर प्रमाणपत्र कधी मिळणार याचीच चौकशी करत बसले. बाईंनी एकालाही हात लावून दाखवलं नाही. आम्ही मनातून खूप शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशीचा प्रकार मात्र मी जन्मात विसरणार नाही. जोडीतल्या एकानं गाडी जोडायची आणि दुसऱ्यानं मार्गदर्शक व्हायचं. मार्गदर्शकानं दोन्ही हात मागे घ्यायचे. आणि त्या मागे घेतलेल्या हातांत बाईंनी प्रत्येकाला एक नवा कोरा खडू दिला. दोन्ही टोकं दोन हातांत धरायची, बस्स. बोलायचं तर तीनच प्रश्न विचारायचे: तुला काय व्हायला हवं होतं? आता काय होतंय? आधी काय बदलून बघशील? चौथं वाक्य नाही.

अर्ध्या तासानं बाई खडू तपासत फिरल्या. माझ्या जोडीदारानं सेन्सर तिरका लावला होता आणि माझा जीव खालीवर होत होता. मी भूमितीचा माणूस. वाकडं दिसलं की माझा हात आपसूक पुढे जातो. घरात भिंतीवरचं कॅलेंडर, दुसऱ्याच्या टेबलावरची फूटपट्टी, बायकोच्या साडीची घडी, काहीही. बायको म्हणते, तुम्ही माणूस नाही, सुताराचा काटकोन बघायचा गुण्या आहात.

बाईंनी माझी मूठ उघडली. खडूचे तीन तुकडे झाले होते आणि तळहातावर पांढरी भुकटी.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुमचे हात बंद असतात तेव्हासुद्धा दुसऱ्याचं काम करत असतात.”

सगळे हसले. मला राग आला. पण खरं सांगतो, नोकरीच्या अठरा वर्षांत माझ्याबद्दल इतकं अचूक कुणी बोललं नव्हतं. चौथ्या दिवशी माझा खडू अखंड राहिला तेव्हा मी तो खिशात घालून घरी नेला.

शाळेत परत आल्यावर मी तीन मुलं निवडली. निवडली म्हणजे जी थांबायला तयार होती ती घेतली. त्यात नववीतली एक मुलगी होती. ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची: किती वाजता, कुठल्या वळणावर, काय झालं, काय बदललं. आम्ही तिला वहीवालीच म्हणायला लागलो. बोलायची कमी. वर्गात तिला प्रश्न विचारला तर खाली बघायची. पण गाडी रेघ सोडून गेली की तिच्या तोंडातून आपोआप यायचं, “थांबा, मला कळलं का ते.” हे वाक्य ऐकण्यासाठी मी शुक्रवारची वाट बघायचो. तेव्हा माझे हात खरोखर मागे असत. बाई महिन्यातून एकदा शाळेत येत, मागच्या बाकावर बसत, आणि जाताना म्हणत, “चाललंय बरं. असंच राहू दे.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

वर्षाच्या शेवटी स्पर्धा होती. जमिनीवर काळी रेघ, त्या रेघेवरून गाडीनं आपणहून जायचं, चार वळणं घ्यायची आणि शेवटच्या चौकोनात ठोकळा ठेवायचा. मोठ्यांनी गाडीला हात लावायचा नाही, असं नियमात लिहिलेलं होतं. नियमात पुष्कळ काही लिहिलेलं असतं. एका शाळेची गाडी शिक्षकांच्या कारमधून खोक्यात बसून आली आणि ती चालू कुठून करायची हे मुलं एकमेकांना विचारत होती. त्यांना एका कंपनीनं तयार संच आणि दोन दिवसांचं शिक्षण दिलं होतं. ती कंपनी आमच्या साहेबांच्या खोलीत हल्ली रोजच बसलेली असे.

आदल्या आठवड्यात साहेबांनी बाईंना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “तुमच्या शाळांपैकी एक तरी पहिल्या तिनांत आली तर तुमचा वर्ग चालू ठेवू. नाहीतर कंपनीला देऊन टाकू. चार दिवस खडू धरायला लावून काय होतं, ते एकदा कळू दे आम्हाला.” बाई नुसतं “बरं” म्हणाल्या.

बाईंच्या बारा शाळांपैकी चारच स्पर्धेला उतरल्या. तीन सकाळीच हरल्या. मुलांच्या हातच्या गाड्या मुलांसारख्याच हरल्या, मध्येच थबकून, भलतीकडे वळून. आमची मात्र शेवटच्या चारांत आली. म्हणजे आणखी एकीला मागे टाकलं की झालं. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि नख चोळत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्यावर हाव बघितली. त्यांना ते हवं होतं. फार हवं होतं.

दुपारच्या फेरीआधी चारही गाड्या भिंतीजवळच्या लांब टेबलावर ठेवायच्या आणि मुलांनी बाहेरच्या व्हरांड्यात थांबायचं, असा नियम होता. टेबलापाशी शिक्षकांची पाळी लावली होती. माझी दहा मिनिटांची पाळी. मी उभा होतो, हात मागे होते. आणि मला दिसलं की आमच्या गाडीचा रेघ ओळखणारा पुढचा सेन्सर तिरका झालाय. सकाळी तो सरळ होता, मी स्वतः पाहिला होता. मला वाटलं, ने-आण करताना धक्का लागला. पोरांच्या लक्षात आलं नाही. इतकं जवळ येऊन एवढ्याशा गोष्टीपायी जायचं?

मी विचारसुद्धा केला नाही. अंगठा पुढे गेला आणि सेन्सर सरळ झाला. काटकोनात. माझ्या मनाला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

गाडी निघाली. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या वळणावर उंच खिडकीतून आलेलं ऊन गुळगुळीत फरशीवर पडलं होतं. तिथे काळी रेघ पांढऱ्यासारखी चकाकत होती. गाडीनं रेघ सोडली आणि सरळ जाऊन भिंतीला धडकली. चाकं फिरतच राहिली. टाळ्या दुसऱ्या टेबलावर वाजल्या.

वहीवाली धावत गेली. तिनं गाडी उचलली, सेन्सरखाली बोट घातलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

साहेब, बाई, मी, सगळे तिच्यापाशी जमलो. “बघा बाई,” साहेब म्हणाले, “पोरांवर सोडलं की हे असं होतं.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी विचारलं, “टेबलावर असताना गाडीला कुणी हात लावला होता?”

माझ्या बाजूला आणखी दोघं पाळीवाले शिक्षक होते. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. “नाही,” मी म्हणालो. मूग गिळून गप्प बसलो असतो तरी थोडी लाज राहिली असती. मी तर तोंडानं नाही म्हणालो.

मुलीनं वही उघडली. “शनिवारी आम्ही हॉल बघायला आलो होतो,” ती म्हणाली. “दुपारी तिसऱ्या वळणावर ऊन येतं. सेन्सर सरळ असला की त्याला रेघ दिसत नाही. म्हणून खाली कागदाची घडी घालून तिरका केला होता. ती घडी पडली असणार. मी नीट बसवली नाही. माझीच चूक.”

तिनं वही आमच्यापुढे धरली. शनिवारचं पान. ‘दुपारच्या फेरीला सेन्सरखाली घडी, चार पदरी.’ खाली छोटीशी आकृती. आणि त्याखाली लाल शाईत ‘पाहिले’ आणि माझी सही.

शनिवारी मी गेलो नव्हतो. घरी पेपर तपासत बसलो होतो. सोमवारी पन्नास वह्यांच्या गठ्ठ्यात ही वही आली आणि मी सगळ्यांवर केली तशी तिच्यावर सही केली. वाचलं नाही. शिक्षक वाचतात असं फक्त मुलांना वाटतं.

त्या दिवशीसुद्धा मला बोलता आलं असतं. नाही बोललो. उलट तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “असू दे गं, होतं असं. तुझी काही चूक नाही.” आवाज अगदी मायेचा. ती नुसतं “हो सर” म्हणाली.

पुढच्या महिन्यात बाईंची खोली रिकामी झाली. डबे गेले, खडूची खोकी तेवढी कपाटावर राहिली. कंपनीनं चकचकीत पुस्तिका आणल्या, आणि साहेबांनी प्रशिक्षक म्हणून कुणाला नेमावं? मला. “तुम्हाला अनुभव आहे,” ते म्हणाले. मी नको म्हणालो नाही. वहीवालीनं शुक्रवारी येणं बंद केलं. अभ्यास आहे, असं तिच्या आईनं कळवलं. दहावीनंतर तिनं कॉमर्स घेतलं. तिला गणितात पंच्याण्णव होते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “सायन्समध्ये बारकाईनं काम लागतं सर. माझ्याकडून राहून जातं.”

हे वाक्य महिना-दोन महिने मला टोचत राहिलं. एका सकाळी शेवटी मी बाईंचं घर शोधत गेलो.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दुरुस्तीचं काम थाटलं होतं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. विधवा वहिनी आणि त्या, दोघीच राहायच्या. वहिनींनी दार उघडलं आणि आतल्या बाजूला हाक दिली, “वन्सं, तुमचे कुणी मास्तर आलेत. आणि मसाल्याच्या डब्यात पुन्हा स्क्रू सापडलेत, ते आधी काढा. एक दिवस दाताखाली येईल माझ्या.”

“स्वच्छ धुतलेले आहेत, वहिनी.”

“हो, मग फोडणीतच टाकते.”

बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग माझ्याकडे बघून ते हसू गेलं. त्यांच्या मांडीवर उघडा पंखा होता, त्यांनी काम थांबवलं नाही.

मी सांगून टाकलं. पाळी, अंगठा, सही, सगळं. फार दिवस पाठ केल्यासारखं घडाघडा सांगितलं.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे?”

त्यांनी टेबलाच्या खणातून एक काडेपेटी काढली. तिच्यात एक कागदाची घडी होती, नखाएवढी, वहीच्या रेघा दिसत होत्या. “ही मला टेबलाखाली सापडली. धावताना पडली असती तर रेघेवर सापडली असती, तिसऱ्या वळणाच्या आसपास. टेबलाखाली सापडली म्हणजे निघायच्या आधीच पडली. टेबलापाशी तुम्ही तिघं होतात. त्यातल्या दोघांना वाकडंतिकडं काही दिसतच नाही.”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? तुमचा वर्ग वाचला असता. फेरी पुन्हा घ्यावी लागली असती.”

“मी विचारलं होतं की, सर. उत्तर तुम्ही द्यायचं होतं. मी सगळ्यांना काय शिकवत होते? दुसऱ्याचं काम आपण करायचं नाही. मला वाटलं, आज नाही तर उद्या बोलाल. तिच्या समोर बोलाल. वाट बघत बसले.” त्यांनी पंख्याचं पातं फिरवून बघितलं. “माझंही चुकलंच. मी माझं तत्त्व सांभाळत बसले आणि पोर हातची गेली. वर्गाचं मला काही नाही. गेला तर गेला. पण तिला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. हात मागे ठेवायचे म्हणजे तोंडही शिवायचं, असं कुठं होतं?”

बाईंनी पंखा बाजूला ठेवला.

“तिला सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग इथे काय करताय?” त्यांनी काडेपेटी माझ्यापुढे सरकवली. चहा विचारला नाही. वहिनींनी आणला होता, तो घेऊन मी उभ्यानंच प्यायलो आणि निघालो.

त्याच संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेलो. तिची आई शिवणकाम करत होती, कापडाचे तुकडे उचलून तिनं मला खुर्ची मोकळी करून दिली. वहीवाली आतून आली. उंच झाली होती. अजून खालीच बघत होती.

मी म्हणालो, “त्या दिवशी घडी तुझ्याकडून पडली नव्हती. टेबलावर मी सेन्सर सरळ केला. माझ्यामुळे पडली. मी खोटं बोललो.”

तिनं वर बघितलं. काही तरी होईल असं मला वाटलं. ती चिडेल, रडेल, माझ्या तोंडावर दार लावेल. मला त्यातलं काहीही चाललं असतं.

ती म्हणाली, “सर, तुम्ही तेव्हाही असंच समजावलं होतंत. माझी चूक नाही म्हणून.”

“समजावत नाही गं, खरं सांगतोय. ही बघ.” मी काडेपेटी उघडून दिली. “ही टेबलाखाली सापडली. विचार ना बाईंना.”

तिनं घडी चिमटीत धरली आणि दिव्याजवळ नेली. कितीतरी दिवसांनी मी तिला एखाद्या गोष्टीकडे तसं बघताना पाहत होतो, डोळे बारीक करून, ओठ मिटून. माझ्या तोंडावर आलंच होतं, बोल, म्हण, ‘थांबा, मला कळलं का ते.’

“सर, ही तीन पदरी आहे,” ती म्हणाली. “मी चार पदरी लिहिलं होतं. म्हणजे घाईत मी कमी केली. सैल बसली असणार. तुम्ही हात लावला नसतात तरी पडलीच असती.”

“दीड वर्ष पेटीत होती ती. एखादी घडी उलगडली असेल!” माझा आवाज चढला. शिवणयंत्र थांबलं. “माझ्या अंगठ्यानं पडली! मी सांगतोय ना तुला!”

“असू दे सर,” ती अगदी हळू म्हणाली. “होतं असं. तुमची काही चूक नाही.”

आणि तिनं घडी परत पेटीत ठेवली, पेटी नीट बंद केली आणि माझ्या हातात दिली. तिला मी शिकवलेल्यापैकी एवढंच पक्कं बसलं होतं.